गळ्याला गाठ दिसली तर आधी मिठाचा डबा उघडा

गलगंड दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. दुखलं असतं तर माणूस दवाखान्याची पायरी चढला असता. गळ्याखाली मऊसर फुगवटा आला, पण गिळता येतंय, शेतात काम होतंय, म्हटल्यावर बाई पदर जरा वर ओढून घेते आणि वर्षं काढते. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-धडगावच्या पट्ट्यात आरोग्य सेविका म्हणून माझी बहुतेक नोकरी झाली. "सिस्टर, हे दुखत नाही, मग औषध कशाला?" हा प्रश्न मी पाड्यापाड्यावर ऐकला. त्याचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे सावकाश लिहिते आहे. गळा कसा बघायचा, मीठ कसं आणायचं, कसं ठेवायचं, गरोदर बाईची काय काळजी घ्यायची आणि डॉक्टरांकडे कधी जायलाच हवं, एवढं यातून समजलं तर कुठल्याही घराचं काम भागेल.

गाठ येते ती कशामुळे

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून थायरॉईड ग्रंथी असते. दोन बाजूंना दोन पाळ्या आणि मध्ये त्यांना जोडणारा अरुंद पट्टा. निरोगी मोठ्या माणसात तिचं वजन १५ ते २० ग्रॅमच्या आसपास भरतं. ती दोन संप्रेरकं तयार करते. त्यांना डॉक्टर टी-फोर आणि टी-थ्री म्हणतात, कारण पहिल्याच्या एका कणात आयोडीनचे चार अणू असतात आणि दुसऱ्याच्यात तीन. म्हणजे आयोडीन हा या संप्रेरकांचा कच्चा मालच. तो शरीरात तयार होत नाही, रोज अन्नातून यावा लागतो. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. इतकं थोडं, की जन्मभराचं सगळं आयोडीन एकत्र केलं तरी एका चहाच्या चमच्यात मावेल.

एवढंसं आयोडीनही मिळालं नाही की काय होतं? रक्तात संप्रेरक कमी पडू लागतं. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ते ओळखते आणि टीएसएच नावाचा हुकूम जास्त जोराने सोडते. त्या हुकमाने थायरॉईडच्या पेशी रक्तातलं असेल नसेल तेवढं आयोडीन ओढायला लागतात, आकाराने वाढतात, संख्येने वाढतात. पाणी कमी पडलं की शेतकरी विहीर आणखी खोल आणि रुंद करतो, तसं ही ग्रंथी स्वतःलाच मोठी करत जाते. सुरुवातीला ती सगळीकडून सारखी, मऊ वाढते. टंचाई वर्षानुवर्षं चालली की तिच्यात छोट्या-मोठ्या गाठी धरतात, मग हाताला उंचसखल लागतं. म्हणून गळा फुगलेल्या बाईचा रक्ताचा अहवाल कधीकधी अगदी व्यवस्थित येतो. तिची ग्रंथी वाढून का होईना, काम निभावून नेत असते. अहवाल चांगला आला म्हणून तिला घरी पाठवून विषय संपत नाही, कारण टंचाई घरात तशीच असते आणि त्याच घरात लेकरं वाढत असतात.

आमच्या डोंगरात ही टंचाई का, याचं उत्तर जमिनीत आहे. आयोडीन मूळ समुद्राचं. समुद्रावरून हवेत, हवेतून पावसात आणि पावसातून मातीत असा त्याचा फेरा चालतो, पण परत येण्याचा वेग फार मंद. उतारावरची माती दर पावसाळ्यात धुऊन जाते आणि तिच्याबरोबर आयोडीनही जातं. त्या मातीत पिकलेल्या ज्वारीत, मक्यात, तुरीत ते नसतं. तोच चारा खाणाऱ्या गाईम्हशींच्या दुधातही फारसं उतरत नाही. पीक हिरवंगार दिसतं, दाणा भरलेला असतो, त्यामुळे काही कमी आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. पुराने माती वारंवार वाहून जाते त्या सपाट मुलखातही हेच होतं. हिमालयाच्या पायथ्याचा सगळा पट्टा तर यासाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो.

तिथलाच एक प्रयोग मी प्रत्येक आशाताईला सांगत असे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे लाखभर वस्तीचा भाग तीन पट्ट्यांत वाटला. दोन पट्ट्यांना आयोडीन मिसळलेलं मीठ दिलं आणि मधल्या पट्ट्याला साधं. काही वर्षांनी तपासलं तर आयोडीनचं मीठ खाणाऱ्या दोन्ही पट्ट्यांत गलगंड ठळकपणे उतरला होता आणि साध्या मिठाच्या पट्ट्यात होता तिथेच होता. मग त्या पट्ट्यालाही तेच मीठ दिलं आणि तिथेही तो उतरला. हवा तीच, पाणी तेच, घरं तीच. बदललं ते फक्त मीठ. यातूनच १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे नुकसान फक्त गळ्याचं नाही हे लक्षात घेऊन १९९२ साली त्याचं नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असं झालं.

गळा कसा बघायचा

माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवा. स्त्री असेल तर पोत, मंगळसूत्र बाजूला करायला सांगा, कॉलरचं बटण काढायला सांगा. मान नेहमीसारखी सरळ असताना आधी नुसतं बघा. फुगवटा सरळ दिसला तर तो दुसऱ्या दर्जाचा गलगंड. दिसला नाही तर हनुवटी थोडी वर करायला लावा आणि घोटभर पाणी गिळायला द्या. थायरॉईड श्वासनलिकेला चिकटलेली असल्याने गिळताना ती वर सरकते आणि परत खाली येते. ही खूण पक्की लक्षात ठेवा. जबड्याखाली किंवा मानेच्या बाजूला लागणाऱ्या लसिकाग्रंथी गिळताना हलत नाहीत. आमच्याकडे क्षयाची गंडमाळ आणि गलगंड यांची लोक सर्रास गल्लत करतात. गंडमाळेच्या गाठी बाजूला असतात, एकीला एक लागून असतात, कधी फुटून वाहतात. त्या दिसल्या तर थुंकी आणि गाठ तपासायला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, तिथे मिठाची चर्चा करत बसायचं नाही.

बघून झालं की हात लावा. समोर बसून दोन्ही अंगठ्यांनी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना हलकेच चाचपा आणि पुन्हा गिळायला सांगा. दाबायचं नाही, नुसतं सरकवत न्यायचं. एकेका बाजूची पाळी त्या माणसाच्याच अंगठ्याच्या शेवटच्या पेराहून मोठी लागली तर ग्रंथी वाढलेली आहे. तुमच्या अंगठ्याचं माप लावू नका. आठ वर्षांच्या पोराचा गळा तुमच्या अंगठ्याशी ताडला तर सगळी गावं निरोगी ठरतील. हाताला लागते पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो पहिला दर्जा. हाताला काहीच वाढलेलं लागलं नाही तर शून्य.

शाळेत ६ ते १२ वयाची मुलं तपासतात, कारण त्या वयात ग्रंथी टंचाईला लवकर जुमानते आणि पोरं एका ठिकाणी सापडतात. या वयाच्या शंभरातल्या पाच किंवा त्याहून जास्त मुलांचा गळा वाढलेला निघाला तर तो भाग गलगंडाचा म्हणून धरला जातो. शिक्षक असाल तर आरोग्य पथक येईल त्या दिवशी मुलींना वेगळ्या खोलीत, बाईमाणसाकडूनच तपासून घ्या. वयात आलेल्या मुली गळ्यावरची ओढणी पुरुषासमोर काढत नाहीत, आणि नेमक्या त्याच मुली उद्या आया होणार असतात.

मीठ

आता मुख्य गोष्ट. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच, असं बऱ्याच शिकलेल्या माणसांनाही वाटतं. ते खरं नाही. मिठागरात पाणी आटून जे मीठ बनतं त्यात आयोडीन नगण्य असतं. ते वरून, पोटॅशियम आयोडेटच्या रूपात मिसळावं लागतं. म्हणून खडे मीठ, जाडं मीठ, सैंधव, पादेलोण आणि शहरात हल्ली मोठ्या किमतीला मिळणारं गुलाबी हिमालयन मीठ यांत आयोडीन मिसळल्याचं पाकिटावर लिहिलेलं नसेल तर ते नाहीच असं समजा. पुण्या-मुंबईत माझ्या नात्यातल्या शिकल्या-सवरल्या सुना रोजच्या भाजीत सैंधव घालतात, तब्येतीला चांगलं म्हणून, आणि दिवस गेलेले असतानाही घालतात. आमच्या पाड्यावरच्या बाईला स्वस्तात खडे मीठ मिळतं म्हणून ती ते घेते. दोघींच्या पोटातल्या बाळाला आयोडीन सारखंच कमी पडतं. हे मला फार लागतं, कारण शहरातली सून एक पाकीट बदलून हे टाळू शकते.

आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभरात १७ मे २००६ पासून बंदी आहे. तरी गुरांसाठी, कातड्यासाठी, कारखान्यासाठी साधं मीठ मिळतंच आणि ते घरात शिरतं. शिरतं कुठून ते सांगते. खेड्यात गुरांच्या दाण्यात घालायला मिठाचं पोतं आणलेलं असतं. पावसाळ्यात वाट बंद झाली, दुकान लांब आहे, डबा रिकामा झाला, की त्याच पोत्यातून मूठभर चुलीपाशी येते. दुसरी वाट लोणच्याची. पाकिटाच्या मिठाने लोणचं काळं पडतं, नासतं, असा समज आहे. आयोडीनच्या मिठाने लोणचं नासत नाही. मला तसं एकही लोणचं आढळलं नाही आणि माझ्या घरी कैरीचं लोणचं दर वर्षी त्याच मिठात पडतं. तिसरी वाट उपवासाची. एकादशीला सैंधव खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. पोटभर आयोडीन मिळालेल्या माणसाच्या ग्रंथीत आठवडेच्या आठवडे पुरेल एवढा साठा असतो. पण श्रावणभर, चातुर्मासभर घरात सैंधवच, असं असेल तर तो साठा खर्ची पडतो. गरोदर बाईने तर उपवासालाही आयोडीनचंच मीठ खावं.

घरात दुसरं मीठ येतंय का, हे ओळखायला मी डब्याचा हिशोब मांडायची. आपल्याकडे माणूस दिवसाला साधारण आठ-दहा ग्रॅम मीठ खातो. पाच माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट तीन-साडेतीन आठवडे चालतं. तेच पाकीट दोन महिने पुरतंय असं घरधनीण म्हणाली, की समजायचं, स्वयंपाकात आणखी कुठलं तरी मीठ पडतंय. मग प्रश्न न विचारता चुलीजवळची बरणी बघायची.

पाकीट घेताना त्यावर आयोडीनयुक्त मीठ असं लिहिलेलं आहे का, आणि तयार केल्याची तारीख किती जुनी आहे, हे बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी हसऱ्या सूर्याचं चित्र दाखवायची, ते बऱ्याच पाकिटांवर असतं. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या गोणीतलं घेऊ नका, आतलं मागा. एकदम वर्षाचं भरून ठेवू नका. दोन महिन्यांचं पुरे.

घरी आणल्यावर पाकीट कापून चुलीच्या कट्ट्यावर उघडं ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ओल, उष्णता आणि ऊन यांनी आयोडीन उडतं. घट्ट झाकणाची बरणी घ्या, काचेची, चिनीमातीची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची, आणि ती आचेपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. ओला हात किंवा ओला चमचा घालू नका. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तेव्हा ते पाणी ओतून देतात आणि तळाचं मीठ वापरतात. आयोडीन त्या ओतलेल्या पाण्याबरोबर जातं. आयोडीन मिसळलेलं खडे मीठ मिळत असेल आणि तेच आवडत असेल तर जरूर घ्या, पण ते धुऊन वापरू नका, त्याच कारणासाठी.

शिजवताना मीठ शेवटी घाला. डाळ चुलीवर चढवतानाच मीठ टाकलं आणि ती तासभर रटरटली तर आयोडीन वाफेबरोबर कमी होत जातं. शिजून खाली उतरवताना टाकलं तर बरंच टिकतं. ठेच्यात मीठ कच्चंच वाटलं जातं, ते आचेला लागत नाही. आमच्याकडच्या जेवणात भाकरी आणि ठेचा रोजचा, तेव्हा ठेचा वाटायला चांगलं मीठ घ्या म्हटलं की बायका ते पटकन मान्य करायच्या. ताक, कोशिंबीर, कैरीचा तक्कू, सगळीकडे हेच लागू.

रक्तदाबवाल्यांचा प्रश्न नेहमी येतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर कमीच करा, दिवसाला एक चहाचा सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. फक्त ते ५ ग्रॅम आयोडीनचंच असू द्या. मिठात दर ग्रॅमला ३० मायक्रोग्रॅम आयोडीन असेल तर ५ ग्रॅममध्ये १५० भरतं. घरातल्या मिठात ते दर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली जाऊ नये, असा आपला नियम आहे. जास्त आयोडीन हवं म्हणून जास्त मीठ खाणं मात्र कोणीच करू नये.

कोबी, फुलकोबी, मोहरी, सोयाबीन, बाजरी यांत थायरॉईडला आयोडीन घ्यायला अडथळा करणारी द्रव्यं असतात, हे खरं आहे. त्यावरून कोबी बंद, बाजरी बंद असे सल्ले फिरतात. मी कोणालाही बाजरी सोडायला सांगितलं नाही आणि सांगणार नाही. ती द्रव्यं त्रास देतात ते आयोडीन आधीच कमी असताना. मिठाची बाजू सांभाळली तर नेहमीच्या प्रमाणातली भाजी-भाकरी खुशाल खा. तंबाखू ओढणाऱ्यांनी मात्र ऐकावं. विडीच्या धुरातलं द्रव्यही आयोडीनची वाट अडवतं, आणि स्तनदा आई ओढत असेल तर दुधातलं आयोडीन कमी होतं.

मासे, विशेषतः समुद्राचे, अंडी, दूध यांनी मदत होते. आठवडे बाजारात सुके बोंबील, सुकट येते, परवडेल तेव्हा जरूर घ्या. पण डोंगरातल्या माणसाने त्यावर विसंबून मीठ बदलायचं टाळू नये.

परदेशात गेलेल्या लेकीसुनांसाठीही दोन शब्द. तिथे मिठात आयोडीन असतंच असं नाही. ब्रिटनमध्ये दुकानातलं बहुतेक मीठ साधं असतं, अमेरिकेत कोशर नावाचं मीठ आणि समुद्री मीठ बहुधा साधं. पाकीट वाचून घ्या, आणि दिवस गेले असतील तर तिथल्या डॉक्टरांना आयोडीनबद्दल आपणहून विचारा.

गरोदरपण आणि बाळ

गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिच्याबद्दल बोलतात. खरं नुकसान पोटातल्या बाळाच्या मेंदूचं होतं आणि ते दिसत नाही. पहिले सुमारे तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नसते, ते पूर्णपणे आईच्या संप्रेरकावर वाढतं. त्याच काळात मेंदूची घडण चालू असते. आमच्याकडे बाई नाव नोंदवायला येते तोवर तिसरा महिना उलटून गेलेला असतो. म्हणून मी लग्न ठरलेल्या मुलींना, नव्या नवऱ्यांना आणि सासवांना गाठायची. मीठ दिवस जायच्या आधीपासून बरोबर असायला हवं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे इतरांच्या दीडपटीहून जास्त.

टंचाई मोठी असेल तर गर्भपात होतो, बाळ मेलेलं जन्मतं, किंवा मतिमंद, मुकंबहिरं, खुरटलेलं होतं. मध्यम टंचाईत असं काही डोळ्यांत भरत नाही. पोरगं चालतं, बोलतं, खेळतं, फक्त शाळेत मागे पडतं आणि मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात. जगात टाळता येण्यासारखं मेंदूचं जे नुकसान होतं, त्याच्या सर्वांत मोठ्या कारणांत आयोडीनची टंचाई धरली जाते. एखाद्या पाड्यावरची बरीच पोरं अभ्यासात मंद म्हणून शिक्षक कंटाळलेले असतील तर त्यांनी एकदा घरोघरचं मीठ तपासून बघावं, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

नवजात बाळात काय बघायचं तेही सांगते. कावीळ पंधरा दिवसांच्या पुढे रेंगाळते, बाळ फार झोपाळू, ओढून पीत नाही, रडण्याचा आवाज घोगरा, जीभ मोठी आणि बाहेर येणारी, बेंबी फुगलेली, शी चार-चार दिवस नाही, अंग थंड आणि ढिलं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर "गुणी बाळ आहे, रडत नाही" असं म्हणत थांबू नका. त्याच आठवड्यात रक्तातलं टीएसएच तपासा. बाळाची थायरॉईड काम करत नसेल तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मेंदू वाचतो. महिने गेले की मग ती भरपाई होत नाही.

गाठ आलेलीच असेल तर

शाळकरी मुलाची मऊ, सारखी वाढलेली ग्रंथी असेल तर मीठ बदलल्यावर ती हळूहळू उतरते. हळूहळू म्हणजे महिन्यांनी, कधी वर्षांनी. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून आई-बाप मांत्रिकाकडे जातात, हे मी फार पाहिलं. तापलेल्या सळईने गळ्यावर डाग देतात. पोराच्या गळ्यावर जन्माचा व्रण राहतो आणि गाठ होती तिथेच असते. डाग देऊ नका, पाला बांधू नका, गळा आवळून दोरा बांधू नका. जखमेला लावायचं तपकिरी आयोडीनचं औषध गळ्याला चोळू नका आणि पोटात तर अजिबात देऊ नका, त्यात गरजेच्या हजारो पट आयोडीन असतं.

पन्नाशीच्या बाईची जुनी, गाठीगाठींची ग्रंथी मिठाने पूर्ववत होत नाही, हे तिला आधीच सांगून टाकावं. मीठ तरीही बदलायचं, घरातल्या बाकीच्यांसाठी. पण अशा जुन्या ग्रंथीला वर्षानुवर्षांच्या दुष्काळानंतर आयोडीन मिळू लागलं की क्वचित ती बेफाम संप्रेरक सोडते. मीठ बदलल्यावर छातीत धडधड, हात कापणं, खाऊनही वजन उतरणं, घाम येणं, असं काही झालं तर डॉक्टरांना दाखवा.

शिवाय प्रत्येक गाठ आयोडीनच्या टंचाईची नसते. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या शहरातल्या बायकांचे गळे वाढतात, ते बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटल्याने. तिथे मीठ हे उत्तर नाही. म्हणून गळा वाढलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तरी टीएसएच आणि गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, दगडासारखी घट्ट लागली, आवाज बसला आणि सुधारत नाही, घास अडकतो, आडवं पडलं की दम कोंडतो, किंवा बाजूला आणखी गाठी आल्या, तर वाट बघू नका. तालुक्याला सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. तिथे सुई घालून गाठीतल्या पेशी तपासतात. सुईने रोग पसरतो ही भीती खोटी आहे.

थायरॉईडची गोळी चालू झाली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नका. गरोदर बायांना आम्ही लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतो. त्या थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. मध्ये चार तास जाऊ द्या. सकाळी उठल्यावर थायरॉईडची, दुपारी जेवणानंतर कॅल्शियमची, रात्री झोपताना लोहाची, असं मी गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य, भाकरी आणि चांदणी काढून देत असे. बाळंत झाल्यावर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, मात्रा डॉक्टर ठरवतील.

मीठ तपासून बघायचं असेल तर

आशाताईकडे मीठ तपासायची छोटी पेटी असते. तिच्यात द्रावणाच्या इवल्या कुप्या आणि रंगांचा तक्ता असतो. घरातलं चमचाभर कोरडं मीठ पांढऱ्या वाटीत सपाट करायचं, त्यावर द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि मिनिटभरात रंग बघायचा. मीठ पांढरंच राहिलं तर आयोडीन नाही. फिकट जांभळं झालं तर कमी आहे. गडद निळं-जांभळं झालं तर पुरेसं. पांढरं राहिलं तरी लगेच निकाल देऊ नका. काही मिठात खाराचा अंश जास्त असतो आणि त्यामुळे रंग उमटत नाही. म्हणून पेटीत दुसरं फेरतपासणीचं द्रावण असतं, ते नव्या चिमटीवर आधी टाकून मग पहिलं टाकायचं. कुपीवरची मुदत संपलेली असेल तर तिच्या रंगावर भरवसा ठेवू नका. घरोघर "तुमच्याकडचं मीठ कोणतं?" असं विचारलं की सगळे चांगल्याचंच नाव घेतात, म्हणून मी मुलांना शाळेत येताना पुडीत चमचाभर मीठ आणायला सांगायची. पोरं चुलीजवळच्या बरणीतलंच घेऊन येतात.

पेटी नसेल तर बटाटा कापा, कापलेल्या बाजूवर मीठ पसरा, मिनिटभराने लिंबाचे दोन थेंब पिळा. आयोडीन असेल तर निळसर छटा येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही घरच्या घरी करायला हीच रीत सांगितली आहे. आयोडीन आहे की नाही एवढंच तिच्यातून कळतं, किती आहे ते कळत नाही.

एकाच दुकानातल्या मिठाच्या पुड्या वारंवार पांढऱ्या निघाल्या तर आधी दुकानदाराशी बोला. आमच्या बाजारातल्या बहुतेक दुकानदारांना गोणीतलं मीठ कोणतं हे खरंच माहीत नसायचं. त्यांच्यासमोर थेंब टाकून दाखवला की पुढच्या खेपेला ते स्वतः पाकिटं बघून माल भरायचे. तरीही तेच मीठ येत राहिलं तर पाकिटाचा फोटो, त्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि तिची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. रेशनवर किंवा अंगणवाडीच्या खिचडीत कोणतं मीठ येतं, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे. २१ ऑक्टोबरला आयोडीन न्यूनता विकार दिन असतो, त्या दिवशी आरोग्याची माणसं गावात येतातच, घरची पुडी घेऊन त्यांच्याकडे जा.

मीठ बदललं की मुलाच्या गळ्याची नोंद तारखेसह त्याच्या कार्डावर करून ठेवा, दर्जा शून्य, एक की दोन तेवढंच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पद्धतीने, त्याच्याच अंगठ्याशी ताडून बघा.